फुलाला ‘ल’, मग फळाला ‘ळ’ का?

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ ही म्हण मोबाइलमधल्या एखाद्या यांत्रिक आवाजाला वाचायला देऊन बघा. बरेचदा ऐकू येतं, ‘काल आला होता, पण वेल आली नव्हती.’ मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाची गोष्ट क्षणात बागकामाची होते. काल माळी आला, पण वेल काही घेऊन आला नाही!

आपण हसतो आणि ‘यांना ळ येत नाही’ म्हणून पुढे जातो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून या अक्षराचं कौतुकही जरा वाढलं आहे. व्हॉट्सअॅपवर मजकूर फिरतात: ‘ळ जगात फक्त मराठीत आहे.’ दुसरा म्हणतो, तो थेट ऋग्वेदातून आला. तिसरा एखाद्या स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकातला असतो: ‘ळ हा द्रविडी वर्ण आहे, एक गुण.’ तिन्ही मजकूर एकाच गटात, एकाच दिवशी आलेले मी पाहिले आहेत, आणि तिन्हींना त्याच माणसांनी पसंतीचे अंगठे दिले होते.

पहिला दावा साफ चूक आहे. बाकीच्या दोघांत थोडंथोडं तथ्य आहे. पण त्यांच्याकडे जाण्याआधी एक साधा प्रश्न मनात ठेवा, कारण ळ ची सगळी गोष्ट त्यात आहे. एकाच झाडाला लागतात, तर ते फूल आणि हे फळ असं का? ‘फूळ’ का नाही? ‘फल’ का नाही?

तोंडात नेमकं काय होतं

आधी ‘ल’ म्हणा, पण लांबवून: ल्‌ल्‌ल्‌. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे हिरडीला टेकलेलं आहे. मधली वाट बंद आहे, तरी आवाज थांबत नाही, कारण हवा जिभेच्या दोन्ही कडांवरून निसटते आहे. ओढ्यात मधोमध दगड असला की पाणी दोन बाजूंनी वळून जातं, तसं. अशा ध्वनीला पार्श्विक म्हणतात, म्हणजे बाजूने जाणारा.

आता ‘ट’ म्हणा. जिभेचं टोक वर वळून टाळूला लागतं. ट, ठ, ड, ढ, ण हे सगळे या जागेवरचे. टाळूच्या या वरच्या भागाला मूर्धा म्हणतात, म्हणून हे ध्वनी मूर्धन्य.

‘ळ’ म्हणजे जागा ट ची आणि रीत ल ची. जीभ ट साठी जिथे नेता तिथे न्या, आणि तिथून ल म्हणायचा प्रयत्न करा. झाला ळ. भरभर बोलताना आपण जीभ तिथे टेकवून ठेवत नाही, वळलेलं टोक टाळूला ओझरतं लावून पुढे झटकतो. खात्री करायची असेल तर ळ च्या ठिकाणी जीभ धरून ठेवा आणि श्वास आत ओढा. जिभेच्या दोन्ही कडांना गार लागेल. हवा कुठून जाते ते कळलं.

हिंदीभाषक मित्रांना ळ का जमत नाही, तेही यातून उलगडतं. हिंदीत ‘लड़का’, ‘सड़क’ मधला ड़ आहे. तोही जीभ वळवून झटकण्याचाच ध्वनी, फक्त त्यात बाजूची वाट उघडी नसते. म्हणजे हिंदी बोलणाऱ्याकडे ळ चे दोन्ही सुटे भाग आहेत: जागा ड़ मध्ये, रीत ल मध्ये. जोडणी तेवढी नाही. म्हणून ळ ऐकला की त्याचा कान जवळचं काहीतरी उचलतो. बहुतेक वेळा ल, म्हणून लोणावळ्याचा ‘लोनावला’ आणि बाळ गंगाधर टिळकांचे ‘बाल गंगाधर तिलक’. कधी ड़. आमच्या ऑफिसातल्या लखनौच्या एका सहकाऱ्याला मी वरची म्हण शिकवायला घेतली होती. आठवडाभर ‘वेल आली नव्हती’ चाललं. मग मी जीभ आणखी मागे घ्यायला सांगितली, तर म्हणाला, ‘वेड आली नव्हती.’ हेही त्या दिवशी अगदीच चूक नव्हतं.

लहान मुलंही याच वाटेने जातात. ळ पक्का बसायला वेळ लागतो, तोवर घराघरांत ‘पोली’ आणि ‘केलं’ खाल्लं जातं.

फक्त मराठीत? मुळीच नाही

गुजरातीत ળ आहे, ओडियात ଳ आहे, पंजाबीत ल च्या पायाशी टिंब देऊन तो लिहितात: ਲ਼. राजस्थानी, हरियाणवी, गढवाली बोलणारे रोज ळ उच्चारतात. कोकणीत आहेच. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या चारही भाषांत आहे. भारताच्या नकाशावर ज्या भाषांत ळ नाही त्यांची यादी करणं सोपं: प्रमाण हिंदी, बंगाली, असमिया, मैथिली, नेपाळी अशी ती गंगेच्या मैदानातून पूर्वेकडे सरकत जाते. मराठीबरोबर त्याच दिवशी अभिजात ठरलेल्या चार भाषा म्हणजे पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली. त्यातल्या पालीत ळ आहे, बंगाली-असमियात नाही.

देशाबाहेरही पाहायचं तर पूर्व नॉर्वेच्या बोलींत जीभ वळवून झटकण्याचा, आपल्या ळ चा लांबचा भाऊ शोभेल असा एक ध्वनी आहे. तिकडे त्याला ‘जाड ल’ म्हणतात आणि तिथेही तो जरा गावरान समजला जातो. कुठेही गेलं तरी मूर्धन्याच्या नशिबी हेच!

ऋग्वेदाच्या पहिल्याच ओळीत

‘अग्निमीळे पुरोहितम्.’ ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेचा हा आरंभ. पहिल्या दोन शब्दांतच ळ आहे. इथे व्हॉट्सअॅपवाला मजकूर बरोबर आहे.

पण हा ळ आपल्या फळातला नव्हे. मूळ धातू ‘ईड्’ आहे, स्तुती करणे. ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्यात स्पष्ट म्हटलं आहे की दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या डकाराचा ळकार होतो. म्हणजे इथला ळ हे ड चं सैल झालेलं रूप. पुढच्या अभिजात संस्कृतात ही रीत राहिली नाही. पाणिनीच्या शिवसूत्रांत, जिथे संस्कृतचे सगळे वर्ण मांडले आहेत, तिथे ळ नाही.

आपल्या बाराखडीच्या तक्त्यात ळ कुठे बसतो आठवा. य र ल व श ष स ह, आणि मग ळ. ल च्या शेजारी जागा असायला हवी होती, पण वर्णमालेची रांग संस्कृतने आधीच लावून ठेवली होती. आपण ळ घेऊन पोचलो तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या, मग त्याला ह च्या मागे स्टुलावर बसवलं. गुजराती, कन्नड आणि तेलुगूनेही तसंच केलं. शाळेच्या व्याकरणात त्याला ‘स्वतंत्र वर्ण’ असा वेगळा कप्पा आहे तोही म्हणूनच.

थोरल्याचा सदरा धाकट्याला

आता फूल आणि फळ.

संस्कृतात फळाला ‘फल’ म्हणतात. एकच ल, आणि तोही दोन स्वरांच्या मधला, कारण तेव्हा शेवटचा अ पूर्ण उच्चारला जायचा. फुलाचा शब्द मात्र ‘फुल्ल’, म्हणजे उमललेलं. इथे ल दुहेरी आहे.

प्राकृतातून मराठी घडत असताना दोन गोष्टी झाल्या. दोन स्वरांच्या मधला एकेरी ल जिभेवर मागे सरकून ळ झाला. आणि दुहेरी ल्ल चं वजन उतरून तो एकेरी ल झाला. जाताना त्याने आपली भरपाई आधीच्या स्वराला दिली, म्हणून ऱ्हस्व ‘फु’चा दीर्घ ‘फू’. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर यावा तसं हे आहे. आज घरात जो ‘ल’ घालून हिंडतोय तो खरं तर पूर्वीचा ल्ल आहे. पूर्वीचा ल केव्हाच ळ च्या कपड्यांत गेला.

हे एकदा लक्षात आलं की अनेक जोड्या उलगडत जातात. ‘काल’ म्हणजे वेळ, एकेरी ल, त्याचा झाला काळ. आणि ‘कल्य’ या शब्दाचं प्राकृतात कल्ल झालं, त्यापासून आला आपला आजच्या आधीचा काल. ‘वेला’ची झाली वेळ, प्राकृत ‘वेल्लि’ची वेल. म्हणजे त्या म्हणीतले काळ-काल आणि वेळ-वेल हे उच्चाराने शेजारी आले तरी एका कुळातले नव्हेत. ‘आवलि’ची ओळ, ‘ओल्ल’ची ओल. गळण्यातून आला तो गाळ, ‘गल्ल’पासून गाल. तिळाचं ‘तैल’ प्राकृतात ‘तेल्ल’ होतं, म्हणून तीळ ळ चा पण तेल ल चं. बिल्व, बेल्ल, बेल. मूल्य, मुल्ल, मोल. पल्लीची पाल झाली, ती भिंतीवर आहेच.

मला सगळ्यात आवडणारी जोडी एकाच धातूची आहे. ‘चल्’ पासून प्राकृतात दुहेरी ल चं ‘चल्लइ’ निघालं, ते आपलं चालणं. एकेरी ल ची वाट धरली त्यातून चळणं, चळ आणि चळवळ आले. रस्त्यावरून नुसतं चालणं आणि चळवळ करणं यांच्यात एका ल चा फरक आहे.

यात कुणाला ‘हे सगळं मागाहून जुळवलेलं’ असं वाटेल. शंका रास्त आहे, म्हणून शेजाऱ्यांकडे चौकशी करू. गुजरातीत फूल-फळ अशीच जोडी आहे, फुलाला ल आणि फळाला ળ. पार बंगालच्या उपसागरावर ओडियातही तेच: फुलात ल, फळात ଳ. आणि पंजाबी? पंजाबी माणूस आजही फुलाला ‘फुल्ल’च म्हणतो, दुहेरी ल लावून. आपण उतरवलेलं वजन त्याने अजून खांद्यावर ठेवलं आहे. तीन टोकांच्या तीन भाषा एकाच साक्षीवर येतात, तेव्हा ती जुळवाजुळव राहत नाही.

आणखी एक. मराठीतला भूतकाळ बघा: गेला, आला, केला, बसला. सगळीकडे ल, ‘गेळा’ कुणी म्हणत नाही. हा प्रत्यय प्राकृतातल्या ‘इल्ल’ वरून आला, दुहेरी ल. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे जुनं मराठी वाक्य कोरलेलं आहे, त्यातल्या ‘करवियलें’ मध्ये तो ल बसलेला आहे. आणि ज्या गावात तो आहे, त्या बेळगोळ नावात दोन ळ आहेत. पण ते कानडी. कानडीत बेळ म्हणजे पांढरं आणि गोळ म्हणजे तळं.

मग गूळ, तळं आणि सोळा?

संस्कृतात गुळाला ‘गुड’ म्हणतात, तळ्याला ‘तडाग’, सोळाला ‘षोडश’, डाळिंबाला ‘दाडिम’. यांत ल नाहीच. इथे ड चा ळ झाला आहे, म्हणजे ऋग्वेदातलीच रीत. पीडा देणारा ‘पीडयति’ आपल्याकडे ऊस पिळू लागला तो असा. हिंदीने हीच वाट अर्धी चालून ‘गुड़’ वर मुक्काम केला.

मग पुढची शंका येते. दोन स्वरांमधला ड जर ळ झाला, तर घोडा, वड, कडू हे ड कसे वाचले? कारण ते मुळात ड नव्हते. घोटक, वट, कटु. ट होते. ट घसरून ड च्या जागी आला, तोवर ड घसरून ळ च्या जागी गेला होता. पुन्हा सदऱ्याचीच गोष्ट. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात दोन छोटी सूत्रं आहेत: ‘टो डः’ आणि ‘डो लः’. ट चा ड, ड चा ल. दुसऱ्यात त्याने ल लिहिला आहे, मराठी जीभ ळ म्हणते, पण रांग सरकल्याची नोंद तिथे आहे.

आता अंकलिपीतली ती जुनी अडचणही समजते. क कमळाचा, ब बदकाचा, आणि ळ आला की मास्तर म्हणतात ‘ळ बाळाचा’. ळ ने सुरू होणारा शब्दच सापडत नाही. सापडणार कसा? ल असो की ड, ळ होण्यासाठी त्याला दोन्ही बाजूंना स्वर लागतात. शब्दाच्या दारात उभ्या असलेल्या अक्षराला मागे स्वर नसतो. म्हणून लोणी, लाकूड, लहान यांचा ल तसाच राहिला.

रंगपेटीतला इतिहास

ही सरकासरकी कायम चालू नव्हती. मराठी घडली त्या काळात ती झाली आणि थांबली. त्यानंतर जे शब्द आले ते ल घेऊन आले आणि तसेच राहिले. त्यामुळे ळ हा शब्दाच्या वयाचा दाखला म्हणून वापरता येतो.

मुलांच्या रंगपेटीत बघा. काळा, निळा, पिवळा, जांभळा यांत ळ आहे. हे जुने घरचे. लाल आणि गुलाबी फारसीच्या वाटेने आले, म्हणून त्यांत ल. त्यांच्या आधी इथे तांबडा होता, अजून कोल्हापूरच्या रश्शात आहे. तसंच साळ आणि साल. भाताची साळ ‘शालि’वरून आली, वर्ष या अर्थाचं साल फारसीतून. गळ्यातली माळ घरची, गोदामातला माल बाहेरचा. हॉटेल, पेट्रोल, बॉल तर काल-परवाचे. त्यांच्या वाटेला ळ जाण्याचा प्रश्नच नाही.

गुंता होतो तो संस्कृतातून पुन्हा, नव्याने घेतलेल्या शब्दांमुळे. जुन्या घरात एकदा वडिलोपार्जित भांडं असावं आणि तसलंच भांडं कुणी दुकानातून कोरं करकरीत आणावं, तसे काही शब्द आपल्याकडे दोनदा आले आहेत. काळ आहे आणि कालखंडही आहे. मूळ आणि मूलभूत. कूळ आणि कुलगुरू. बाळ घरात असतं आणि बालवाडीत जातं. ज्ञानेश्वरांनी पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ म्हटलं, आणि आपण सिनेमातल्या दुष्टाला खलनायक म्हणतो. शब्द एकच, खल. ज्ञानदेवांचा मराठीत मुरलेला, आपला संस्कृतातून परत उचललेला. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या ग्रंथाचं नाव लीळाचरित्र आहे, लीला नव्हे. आज तसा ग्रंथ कुणी लिहिला तर मुखपृष्ठावर बहुधा लीलाच छापेल.

म्हणून ‘कमल बरोबर की कमळ’, ‘निर्मल की निर्मळ’ या वादात माझं मत विचाराल तर दोन्ही बरोबर. एक मुरलेलं लोणचं आहे, एक ताजी कैरी.

‘पण पुस्तकात तर द्रविडी लिहिलंय!’

परीक्षेत लिहायचं ते लिहा, गुण सोडू नका. पण प्रश्न जरा मोठा आहे.

द्रविड भाषांत ळ फार जुना आणि पक्का आहे, यात शंका नाही. मराठी आणि कन्नड शेकडो वर्षं एका अंगणात राहिल्या, त्यांची देवघेव दांडगी आहे. मराठीत ळ इतका ठसठशीत टिकला याला तो शेजार उपयोगी पडला असेल, हे मानायला हरकत नाही. पण ‘द्रविडी वर्ण मराठीने उचलला’ एवढ्यावर भागत नाही. उचललेला ध्वनी सहसा उचललेल्या शब्दांबरोबर येतो. इंग्रजीतून आलेला ‘ऑ’ पाहा, तो ऑफिस, डॉक्टर, कॉफी यांच्यापुरता राहतो. ळ तसा नाही. फळ, काळ, मूळ, गळा, कपाळ, धूळ, दिवाळी या संस्कृत-प्राकृत वळणाच्या शब्दांत तो नेमून दिलेल्या जागी, नियमाने आलेला आहे. शिवाय पंजाबी, हरियाणवी आणि गढवालीच्या अंगणात तर कुणी कानडी शेजारी नव्हता.

हेमचंद्राच्याच व्याकरणात पैशाची नावाच्या प्राकृताबद्दल आणखी एक सूत्र आहे: ‘लो ळः’, ल चा ळ होतो. उदाहरणं देताना तो सीळ, कुळ, जळ, कमळ असे शब्द देतो. मराठी वाचकाने ते पान उघडलं तर त्याला वाटेल, अरे, हे तर आपलंच. पैशाचीपासून मराठी निघाली असा याचा अर्थ नाही. ल ला ळ कडे झुकवणाऱ्या बोली उत्तरेकडच्या या भाषांच्या कुळातही होत्या, एवढं मात्र नक्की.

डोया आणि डोला

विदर्भात आणि खानदेशात अनेक बोलींत ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, पोळी म्हणजे पोयी. कोकणपट्टीवर आगरी-कोळी बोलींत ळ चा ल होतो: डोला, काला, नारल. पुण्या-मुंबईच्या शाळांत अशा उच्चारावर पोरांना हसतात आणि मास्तर ‘शुद्ध बोल’ म्हणतात. इथे थोडं थांबायला हवं.

वऱ्हाडी माणूस फळाला ‘फय’ म्हणतो. पण फुलाला? फूलच म्हणतो. तो फुलाला ‘फूय’ म्हणत नाही, ‘गेला’ला ‘गेया’ म्हणत नाही. म्हणजे फल आणि फुल्ल यांच्यातला जो जुना फरक प्रमाण मराठीने ळ आणि ल असा जपला, तोच वऱ्हाडीने य आणि ल असा जपला आहे. भांडं बदललं, आतला ऐवज तोच. चुकून बोलणारा माणूस इतका नियमाने चुकत नसतो.

आगरीत दोन्ही ल एकत्र आले, तिथे फरक पुसला गेला. मग तिथे काळ आणि काल यांचा घोळ होतो का? होत नाही, संदर्भ असतो. प्रमाण मराठीत तरी ‘पार’ म्हणजे वडाचा पार, पार बुडालो मधला पार, की नदीपार, हे आपण संदर्भानेच ओळखतो ना. त्यामुळे ‘ळ गेला तर भाषा मेली’ ही आरोळी मला पटत नाही. भाषा भरपूर गोष्टी गमावून जगते. पण ळ गेला तर फूल आणि फळ यांना वेगळं ठेवणारी हजारेक वर्षांची खूण त्याच्याबरोबर जाते, आणि मोबाइलच्या आवाजाला शिकवायला आळस केला म्हणून ती जावी, हे मात्र मला खटकतं. पंजाबी, ओडिया, कन्नड, तमिळ धरून कोट्यवधी लोक जो ध्वनी रोज काढतात, तो यंत्राला अवघड आहे हे कारण चालण्यासारखं नाही.

रोमन अक्षरांत, संगणकात आणि तमिळच्या दारात

रोमन लिपीत ळ ला जागा नाही, त्यामुळे काळे आणि काले हे दोन्ही पाटीवर सारखेच दिसतात. हा गोंधळ गोव्याच्या रोमी कोकणीने साध्या युक्तीने मिटवला आहे. तिथे ळ साठी एल हे अक्षर दोनदा लिहितात, ‘वेळ’ लिहायला शेवटी दोन एल. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी टंकणारे मोठा एल दाबतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ल ची कळ शिफ्टसह दाबली की ळ उमटतो.

संगणकाने मात्र एक जुना अन्याय नकळत दूर केला. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी व्यवस्था. तिच्यात ळ ला ल च्या लगेच पुढचा क्रमांक मिळाला, ह च्या मागचं स्टूल नाही. याचा तोटा असा की नुसत्या क्रमांकाने यादी लावली तर ळ चे शब्द आपल्या शब्दकोशांतल्या जागेवर पडत नाहीत. मराठी क्रम हवा असेल तर ‘ळ ह नंतर घे’ हे संगणकाला वेगळं सांगावं लागतं.

युनिकोडच्या त्या यादीत ळ नंतर आणखी एक अक्षर आहे: ऴ, ळ च्या पायाशी टिंब. हे तमिळ आणि मल्याळममधल्या एका ध्वनीसाठी केलेलं. तमिळमध्ये ल आहे, आपल्यासारखा ळ आहे, आणि शिवाय हा तिसरा ழ आहे. यात जीभ आणखी मागे वळते, पण टाळूला लागत नाही, नुसती अधांतरी राहते. इंग्रजीत तो झेड आणि एच लावून लिहितात, म्हणून आपल्या बातम्यांत एकच नाव कधी कनिमोळी तर कधी कनिमोझी छापलं जातं. द्रविड मुन्नेत्र कळघम मधला ळ हा खरा तोच. खुद्द ‘तमिळ’ या नावाच्या शेवटीही ळ नाही, ऴ आहे. आपण सगळे तो ळ म्हणूनच उच्चारतो आणि चेन्नईचा माणूस सभ्यपणे ऐकून घेतो. आमचा लखनौचा सहकारी हे ऐकून फार खूश झाला होता. आता दर शुक्रवारी जेवताना तो मला ‘तमिऴ’ म्हणायला लावतो, आणि दर शुक्रवारी मी ‘तमिळ’ म्हणतो.